पडदा सर्वांना, कळ कोणाला?

यंत्राच्या प्रश्नाकडे आपल्या चळवळीने आजवर बहुधा दोन अंगांनी पाहिले. यंत्राची मालकी कोणाची, हे एक अंग, आणि यंत्र आल्यामुळे किती हात रिकामे होणार, हे दुसरे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते सुटलेले नाहीत. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत कारखाने, वीजकेंद्रे आणि पाणीपुरवठा केंद्रे यांच्या अंतरंगात जो पालट झाला आहे, त्यामुळे एक तिसरा प्रश्न उभा राहिला आहे. चालू यंत्राची अवस्था दाखवणारा पडदा कोणाला दिसतो, कोणाला दिसत नाही, आणि त्या पडद्यावरून यंत्राची कळ फिरवण्याचा अधिकार कोणाकडे जातो? हा प्रश्न अभियंत्यांचा आहे असे समजून आपण तो सोडून दिला. तो तसा नाही, हे दाखवण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

गेल्या वर्षी एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर जाण्याचा प्रसंग आला. माझा एक जुना विद्यार्थी तेथील कामगारांच्या संघटनेचे काम पाहतो. त्याच्या आग्रहावरून गेलो. केंद्रावर नवी नियंत्रण प्रणाली बसवलेली होती. टाक्यांतील पाण्याच्या पातळ्या, पंपांचे दाब, क्लोरीनची मात्रा हे सारे रंगीत चित्रांच्या रूपाने संगणकाच्या पडद्यावर दिसते. हा पडदा कार्यकारी अभियंत्याला घरी भ्रमणध्वनीवर दिसतो आणि ठेकेदार कंपनीच्या दूरच्या शहरातील कार्यालयातही दिसतो. केंद्रावरचा संगणक मात्र एका केबिनमध्ये असून संध्याकाळी सहानंतर तिला कुलूप लागते. रात्रपाळीचा पंपचालक, जो कंत्राटी आहे, तो टाकीची पातळी जाणून घेण्यासाठी अभियंत्याला फोन करतो. अभियंता अंथरुणात पडल्या पडल्या भ्रमणध्वनी पाहतो आणि आकडा सांगतो. ज्याच्या डोक्यावर ती टाकी उभी आहे त्याला तिचा आकडा आठ-दहा मैलांवरून मागवावा लागतो! मी कारण विचारले. जोडणीचे परवाने तीनच विकत घेतले आहेत, चौथ्याचे पैसे मंजूर झाले नाहीत, असे उत्तर मिळाले. त्याच अंदाजपत्रकात रात्रपाळीच्या दोन जागा कमी करण्याचा प्रस्ताव होता. कारण आता ‘सर्व काही दुरून दिसते’.

या प्रकाराला मूर्खपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण त्यामागे एक व्यवस्था आहे, आणि ती समजून घ्यायची तर थोडे मागे गेले पाहिजे.

वाफेच्या यंत्राच्या काळात दाबमापक बॉयलरलाच जोडलेला असे. ज्याला तो वाचायचा त्याला बॉयलरजवळ उभे राहावे लागे, आणि तेथे उभा असलेला कोणीही तो वाचू शके. पुढे मापके नळ्यांनी आणि तारांनी एका खोलीत आणून भिंतीवर मांडली गेली. ही कंट्रोल रूम. १९७५ साली अमेरिकेतील हनीवेल आणि जपानमधील योकोगावा या कंपन्यांनी संगणकावर चालणाऱ्या विकेंद्रित नियंत्रण प्रणाली बाजारात आणल्या, आणि भिंतीवरची शेकडो मापके काचेच्या काही पडद्यांत सामावली गेली. एकदा आकडा पडद्यावर आला की तो खोलीत अडकून राहण्याचे कारण उरत नाही. कारखान्यातला मुख्य संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, चित्र तयार करतो आणि ते कोठेही पाठवू शकतो. पाहणाऱ्याकडे स्वस्तातला एखादा पडदा असला तरी भागते. सारी बुद्धी सर्व्हरपाशीच असते. एकच चित्र एकाच वेळी पन्नास जण पाहू शकतात.

यात लाभ आहे हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. धोक्याच्या जागेपासून माणूस दूर राहतो. पाळी बदलताना नव्या माणसाला मागच्या आठ तासांचा आलेख समोर मिळतो. तज्ज्ञ दुसऱ्या गावी असला तरी त्याचा सल्ला घेता येतो. यंत्राला विरोध म्हणून पडद्याला विरोध करणे आपल्या विचारांना शोभणारे नाही. शोशाना झुबॉफ या अमेरिकन विदुषीने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लगदा आणि कागद गिरण्यांतील कामगारांचा अभ्यास मांडला आहे. लगदा हाताने चाचपून पारखणारे कामगार पडद्यासमोर आणून बसवले गेले तेव्हा त्यांचे जुने कसब निरुपयोगी ठरले. पण त्याच पडद्याने साऱ्या गिरणीचा व्यवहार त्यांना प्रथमच समजू शकेल अशी शक्यताही निर्माण केली. ती शक्यता प्रत्यक्षात येऊ द्यायची की नाही हे व्यवस्थापनाने ठरवायचे होते, आणि पुष्कळ ठिकाणी व्यवस्थापनाने ती येऊ दिली नाही. ज्ञान वाटले की अधिकार वाटावा लागतो.

आता ‘सर्व काही पडद्यावर दिसते’ या विधानाकडे वळू. टेक्सास सिटी येथील ब्रिटिश पेट्रोलियमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी स्फोट झाला. पंधरा माणसे मेली, १८० जखमी झाली. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाचा अहवाल आपल्याकडच्या प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. १७० फूट उंचीच्या एका मनोऱ्यात द्रव भरत चालला होता. बाहेर जाणारी वाट बंद होती. पातळी दाखवणारे उपकरण सदोष होते. मनोरा भरत असताना पातळी उतरते आहे असे ते सांगत होते. चालकाला संशय यावा असा एकच मार्ग होता: आत किती येते आणि बाहेर किती जाते हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे. परंतु पडद्याच्या रचनेत हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या पानांवर होते. त्या पडद्यासमोर एकच चालक होता, आणि त्याच्याकडे तीन विभागांची देखरेख होती. पूर्वी तेथे दुसऱ्या चालकाची जागा होती. १९९९ सालच्या कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर ती खर्चकपातीत गेली. काही कामगार सलग एकोणतीस दिवस बारा-बारा तास काम करीत आले होते.

म्हणजे पडदा होता, आकडेही होते, पण पाहणारा डोळा थकलेला होता आणि एकटा होता. पडद्यावर काय, कोठे आणि कशाशेजारी मांडायचे हे ज्यांनी ठरवले ते तो मनोरा चालवणारे नव्हते. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब वाढल्याचे मापकावर दिसत होते. पण त्या कारखान्यातील उपकरणांवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता, आणि वायू सुटल्याचे पहिले भान कामगारांना डोळ्यांच्या जळजळीमुळे आले. उपकरण दुरुस्त ठेवण्यासाठी माणसे लागतात, आणि उपकरणे बसवण्याचे समर्थन मात्र माणसे कमी होतील म्हणून केले जाते. हा अंतर्विरोध भोपाळपासून आजतागायत चालत आला आहे.

दुसरा दाखला वीजजाळ्याचा घेऊ. १४ ऑगस्ट २००३ रोजी ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा काही भाग यांतील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी दुपारी सव्वादोनच्या सुमारास ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण केंद्रात धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली बंद पडली. पाठोपाठ दूरच्या उपकेंद्रांतील काही पडदेही गेले. सर्वांत भयानक गोष्ट अशी की केंद्रातील चालकांना तासाभराहून अधिक काळ आपण आंधळे झालो आहोत हेच कळले नाही. घंटा वाजत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे ते समजले. बाहेरून फोन येत होते, पण पडद्यावर काही दिसत नसल्यामुळे त्या फोनांवर विश्वास बसेना. कोरा पडदा पाहून माणूस सावध झाला असता. हे पडदे भरलेले होते, फक्त शिळे होते.

आणि कळ? पडदा दूर नेता येतो तशी कळही दूर नेता येते, आणि एकदा नेली की ती कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांच्या चालकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. त्यांच्याच पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकामागून एक स्विच उघडत गेला. त्यांना स्वतःला हात घालता येईना. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेल्या दूरप्रवेशाच्या वाटेनेच हल्लेखोर आत शिरले होते. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. पण ती काही तासांतच परत आली, ती कशी हे महत्त्वाचे आहे. कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी स्विच हाताने बसवले. हाताने बसवता येतील असे स्विच अजून शिल्लक होते आणि ते बसवणारी माणसेही शिल्लक होती. ‘आधुनिकीकरण’ आणखी दहा वर्षे पुढे गेले असते तर त्या कडाक्याच्या थंडीत लोकांचे काय झाले असते याचा विचार करावा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील अलिक्विपा या छोट्या गावच्या पाणीपुरवठा मंडळाच्या एका पंपकेंद्रातील नियंत्रणयंत्र परदेशी गटाने ताब्यात घेतले. तेथेही कामगारांनी पंप हातचालनावर आणले. अशा यंत्रांचा कारखान्यातून आलेला सांकेतिक शब्द ‘११११’ असून पुष्कळांनी तो बदललेलाच नव्हता, असे तेथील शासकीय यंत्रणेने नंतर जाहीर केले. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. ‘मानवी चूक’ हा शब्द ऐकला की मला नेहमी प्रश्न पडतो की त्या मानवाच्या समोर कोणता पडदा होता, आणि त्याच्या शेजारची खुर्ची कधी रिकामी केली गेली.

येथे चिलीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. साल्वादोर आयेंदे यांच्या समाजवादी सरकारने १९७१ साली राष्ट्रीयीकृत उद्योगांची आर्थिक आणि उत्पादनविषयक माहिती एकत्र आणण्यासाठी सायबरसिन नावाचा प्रकल्प हाती घेतला. फर्नांदो फ्लोरेस या तरुण अधिकाऱ्याने स्टॅफोर्ड बीअर या ब्रिटिश तज्ज्ञाला पाचारण केले. देशात त्यांना वापरता येणारा संगणक जेमतेम एक. म्हणून कारखाने आणि राजधानी यांच्यामध्ये टेलेक्सचे जाळे विणले गेले. सांतियागोत एक षट्कोनी दालन उभे राहिले. त्यात सात फिरत्या खुर्च्या आणि भिंतींवर पडदे. मध्ये टेबल नव्हते, कारण टेबल आले की कागद येतात आणि चर्चा थांबते, असा बीअर यांचा समज. टंकलेखनाची कळफळीही नव्हती. खुर्चीच्या हातावर मोठाली बटणे होती. गंमत अशी की त्या पडद्यांवरची चित्रे संगणक काढीत नसे, चित्रकार हाताने काढून त्यांच्या सरकपट्ट्या बनवीत. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी सरकार पाडण्यासाठी संप केला तेव्हा हेच टेलेक्सचे जाळे उपयोगी पडले. कोणता रस्ता मोकळा आहे, कोठे कच्चा माल संपत आला आहे, कोणता ट्रक कोठे आहे हे तासातासाला कळत गेले आणि हाती असलेल्या सुमारे दोनशे ट्रकांवर सरकारने पुरवठा चालू ठेवला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने ते सरकारच उलथवले.

आपल्या वर्तुळात सायबरसिनची आठवण हळवेपणाने काढली जाते. मला त्यातला एक दोष अधिक बोधप्रद वाटतो. कारखान्याचा नमुना, म्हणजे कोणते आकडे मोजायचे आणि पडद्यावर काय दाखवायचे, हे ठरवण्यात कामगारांनी भाग घ्यावा अशी बीअर यांची इच्छा होती. प्रत्यक्षात नमुने अभियंत्यांनी बनवले. सात खुर्च्यांचे दालन राजधानीत उभे राहिले. यंत्रमागावरच्या स्त्रीसमोर पडदा आला नाही. समाजवादी सरकारच्या हातूनही हे घडले, मग नफ्यासाठी चालणाऱ्या कारखान्यात ते आपोआप व्हावे ही अपेक्षा भाबडी आहे. लष्कराच्या हाती पडला असता तर तोच पडदा कामगारांवर पाळत ठेवण्यासाठी चांगला चालला असता, ही शंका त्या काळीही घेतली गेली होती.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे अर्थशास्त्राकडे येतो. त्या नगरपालिकेत चौथा पडदा का नव्हता? परवान्याला पैसे नव्हते म्हणून. नियंत्रण प्रणाली विकणाऱ्या कंपन्या किती आकडे मोजले जातात यावर एक दर लावतात, आणि एका वेळी किती जण पडदा पाहतात यावर दुसरा. सर्व्हर एकदा बसला, चित्र एकदा तयार झाले, की आणखी एका माणसाला ते दाखवण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्या वस्तूचा सीमांत खर्च शून्य आहे तिच्यावर माणशी किंमत लावणे म्हणजे, रिकार्डोच्या भाषेत बोलायचे तर, खंड वसूल करणे होय. एका कंपनीची प्रणाली बसवली की यंत्रे, तारा, प्रशिक्षण सारे तिला बांधले जाते. दुसरीकडे जाणे परवडत नाही. मग दरवर्षी देखभालीचा करार आणि दर काही वर्षांनी नवी आवृत्ती. जमीनदाराने विहिरीवर पहारा बसवावा तसा हा प्रकार आहे, फक्त येथे विहीर गावाच्या पैशाने खणलेली असते. परवाने मर्यादित असले की ते प्रथम वरच्यांना मिळतात हे सांगायला नको.

याला पर्याय नाही असे मात्र नाही. अमेरिकेतील लॉस अलामोस आणि अरगॉन या सरकारी प्रयोगशाळांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कणत्वरकांच्या नियंत्रणासाठी एपिक्स नावाची प्रणाली एकत्र येऊन विकसित केली. ती आज मुक्त परवान्याखाली कोणालाही विनामूल्य मिळते. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ईटर या संलयन प्रकल्पाने, ज्यात भारत २००५ पासून भागीदार आहे, आपल्या नियंत्रणासाठी हीच प्रणाली निवडली. या प्रणालीतील एक व्यवस्था आपल्या दृष्टीने मननीय आहे. नियंत्रणयंत्र आणि बाहेरचे प्रेक्षक यांच्यामध्ये एक द्वारपाल बसवता येतो. शंभर जणांनी एकच आकडा मागितला तरी द्वारपाल तो यंत्राकडून एकदाच घेतो आणि शंभरांना वाटतो. त्यामुळे पाहणाऱ्यांच्या गर्दीने यंत्रावर भार पडत नाही. शिवाय हा द्वारपाल पाहू देतो पण लिहू देत नाही, असे बंधन घालता येते. म्हणजे दर्शन सर्वांना आणि कळ मोजक्यांना, ही विभागणी तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या, नव्या नियंत्रणासाठीही युरोपात निर्माण झालेली टँगो ही अशीच मुक्त प्रणाली घेण्यात आली. आपल्याच जिल्ह्यांत, आपल्याच अभियंत्यांनी हे केलेले आहे. नगरपालिकेच्या चार पंपांना ते झेपणार नाही असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

सार्वजनिक दर्शनाचे उदाहरण तर वीजक्षेत्रातच आहे. राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची त्या क्षणाची विजेची मागणी आणि जाळ्याची वारंवारिता कोणीही नागरिक पाहू शकतो. त्यामुळे जाळे कोसळले नाही, किंवा कोणी हल्ला केला नाही. विजेबाबत जे शक्य झाले ते पाण्याबाबत का होऊ नये? कोणत्या प्रभागाच्या टाकीत किती पाणी चढले आणि केव्हा सोडले हे वस्तीतल्या बायांना दिसू लागले, तर टँकरमालक आणि नगरसेवक यांच्यातील पुष्कळ व्यवहार उजेडात येतील. विरोध तेथून येईल हे धरून चालावे.

कारखान्यांपुरते बोलायचे तर हाती एक जुने शस्त्र आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांसाठी ‘४१-अ’पासून पुढची कलमे घातली गेली. त्यांत धोक्यांची माहिती कामगारांना देण्याचे बंधन, कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणि संकटाची चाहूल लागताच ती वरिष्ठांच्या ध्यानी आणून देण्याचा कामगाराचा हक्क या तरतुदी होत्या. संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो कायदा आपल्या पोटात घेतला आणि तो घेताना बरेच काही पातळ केले. पण सुरक्षा समितीची कल्पना शिल्लक आहे. त्यापूर्वी १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचा अनुच्छेद ‘४३-अ’ राज्यघटनेत आलेलाच होता. तो अनुच्छेद पन्नास वर्षे शोभेसाठी ठेवला गेला, यात आपल्या संघटनांचाही दोष आहे. आपण वेतनकरार करतो, बोनस मागतो. पडद्याची मागणी एकाही मागणीपत्रात मी पाहिलेली नाही.

ती मागणी काय असावी? यंत्रापाशी असलेल्या प्रत्येक पाळीच्या माणसाला, तो कायम असो वा कंत्राटी, तोच पडदा दिसला पाहिजे जो अभियंत्याला घरी दिसतो. पडद्यावर काय मांडायचे याचा निर्णय होताना चालवणाऱ्याचे मत नोंदवले गेले पाहिजे. दुरून कळ फिरवण्याचा अधिकार शक्यतो असू नये. असलाच तर तो जागेवरच्या माणसाने होकार दिल्यावरच चालावा आणि त्याची नोंद सुरक्षा समितीसमोर यावी. हाताने चालवण्याची साधने काढून टाकता कामा नयेत, आणि ती चालवण्याचा सराव पगारी वेळेत झाला पाहिजे. ‘दुरून दिसते’ या कारणास्तव एकही जागा रद्द होऊ देऊ नये, कारण टेक्सास सिटीमध्ये रद्द झालेली जागा नेमकी तीच होती. यातील काही मागण्यांवर आपल्यातच मतभेद होतील. दुरून चालवण्याची मुभा नसेल तर कामगाराला विषारी वायूच्या जवळ बसावे लागेल, असा आक्षेप एका मित्राने घेतला. तो खरा आहे. तेथे कंट्रोल रूम दूर न्यावी, पण ती कारखान्याच्या आवाराबाहेर, दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे.

त्या नगरपालिकेच्या प्रणालीचा देखभाल करार येत्या मार्चअखेर संपतो. नव्या निविदेचा मसुदा स्थायी समितीपुढे जाण्याआधी पंपचालकांच्या संघटनेने दोन पानी निवेदन दिले आहे. मुक्त प्रणालीचा विचार करावा, आणि तोवर केबिनची एक किल्ली रात्रपाळीकडे ठेवावी, एवढेच त्यात म्हटले आहे. किल्लीच्या मागणीवर अद्याप उत्तर आलेले नाही.